गाऊन ठरला, आता व्हेल कोणती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

लग्नाच्या गाऊनची निवड महिनोन्‌महिने चालते आणि व्हेल, म्हणजे डोक्यावरून मागे सोडायची नेटची पातळ ओढणी, मात्र शेवटच्या आठवड्यात, जी दुकानात असेल ती घेतली जाते. मग फोटोत काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते कळत नाही. यावेळचे सगळे प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : माझा गाऊन ए-लाइन, साध्या सॅटिनचा आहे. पाठीवर लेस आणि बारीक बटणांची रांग आहे. मागे जमिनीवर साधारण चार फूट ट्रेन, म्हणजे गाऊनचा मागचा लांब घोळ, लोळते. दुकानात ‘फिंगरटिप’, ‘चॅपेल’, ‘कॅथीड्रल’ अशी नावं सांगतात आणि माझा गोंधळ उडतो. नेमकी किती लांब व्हेल घेऊ?

आधी नावांचा हिशेब समजून घ्या. व्हेल ज्या छोट्या कंगव्याने केसांत अडकवतात, त्या कंगव्यापासून खाली तिची लांबी मोजतात. कोपरापर्यंतची व्हेल साधारण ३० इंच, फिंगरटिप, म्हणजे बोटांच्या टोकांपर्यंतची, ४० ते ४२, जमिनीला टेकणारी ७२, चॅपेल ९० आणि कॅथीड्रल १०८ ते १२० इंच. पण हे आकडे ढोबळ आहेत. कंगवा डोक्याच्या माथ्यावर लावला की अंबाड्याच्या खाली, यानेच सहा-सात इंचांचा फरक पडतो. शिवाय उंच अंबाड्यावरून उतरताना व्हेलची काही लांबी तिथेच खर्च होते.

म्हणून केशरचनेच्या ट्रायलच्या दिवशीच माप घ्या. लग्नात घालायच्या चपला पायात हव्यात. कंगवा जिथे बसणार तिथे एक सुती नाडी पिनने अडकवा आणि ती अंबाड्यावरून, पाठीवरून मोकळी सोडा. ट्रेन पूर्ण पसरून ठेवा. नाडी ट्रेनच्या टोकापर्यंत न्या, तिथे खूण करा आणि मग टेपने मोजा. हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, कारण आपण वळून बघितलं की माप बदलतं.

समजा कंगव्यापासून जमिनीपर्यंत ५८ इंच भरले आणि पुढे ट्रेनचे ४८. एकूण १०६ झाले. इथे १०८ इंचांची व्हेल घेतली तर ती ट्रेनच्या अगदी काठावर संपेल आणि माप चुकल्यासारखं दिसेल. व्हेल ट्रेनच्या पुढे निदान ८ ते १२ इंच जायला हवी, म्हणजे तुम्हाला १२० लागेल. एवढी लांब नको असेल तर सरळ फिंगरटिपवर या. ७२ आणि ९० इंच तुमच्यासाठी वाईट, कारण दोन्ही ट्रेनच्या अधेमधे संपतात आणि सॅटिनवर एक आडवी रेघ उमटते. साध्या, चमकत्या कापडावर ती रेघ जास्तच उठून दिसते.

आता पाठीची लेस. ती दिसावी म्हणूनच तुम्ही हा गाऊन घेतला असणार, तेव्हा व्हेल एकाच थराची आणि कमी चुण्यांची घ्या. नेटचा पन्हा बहुतेक १०८ इंचांचा असतो. तो सगळा चार इंचांच्या कंगव्यात गोळा केला की पाठीवर नेटच्या घड्यांवर घड्या येतात आणि बटणं धुरकट दिसतात. अर्धा पन्हा, म्हणजे ५४ इंच, पुरेसा आहे. काठ कापलेला, साधाच राहू द्या. नेटचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे न शिवलेला काठही टिकतो. आणि दोन मापांत अडलात तर मोठं घ्या. धारदार कात्रीने व्हेल दहा मिनिटांत आखूड होते, लांब मात्र करता येत नाही.

ट्रेन नसलेल्या गाऊनवालींसाठी एक गोष्ट जाता जाता : व्हेल जिथे संपते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. कोपरापर्यंतची व्हेल कमरेवर संपते, म्हणून ती घेरदार गाऊनवर छान दिसते. अंगाला बसणाऱ्या, गुडघ्यापाशी उमलणाऱ्या गाऊनवर नितंबाच्या सर्वात रुंद भागाशी संपणारी व्हेल टाळाच. सॅटिन रिबनचा काठ असेल तर ही रेघ दुप्पट ठळक होते.

प्रश्न : माझ्या गाऊनवर गळ्यापासून कमरेपर्यंत भरगच्च मण्यांचं काम आहे. व्हेलही तशीच भरलेली हवी असं मला वाटतं, घरचे नको म्हणतात.

यात आम्ही घरच्यांच्या बाजूने आहोत. भरलेल्या गाऊनवर भरलेली व्हेल आली की दोन्हींपैकी काहीच दिसत नाही. मण्यांचा दुसरा त्रास व्यवहाराचा आहे. वरच्या भागावरचे मणी नेटच्या भोकांत अडकतात, मान वळवली की नेट ओढलं जातं आणि हळूहळू फाटतं. सिल्कचं नेट तर फारच लवकर.

काम हवंच असेल तर ते खाली न्या. व्हेल कोपराच्या खालपर्यंत पूर्ण साधी ठेवा आणि लेस फक्त शेवटच्या २० ते २४ इंचांत लावा. लेस मात्र गाऊनच्याच जातीची हवी. गाऊनच्या लेसला फुलांच्या कडेने जाड दोरा असेल आणि व्हेलची लेस सपाट, बारीक असेल, तर रंग जुळूनही ती परकी वाटते. गाऊनची उंची कमी करताना कापलेली लेस शिंप्याकडून आठवणीने मागून घ्या. त्यातली चार-सहा फुलं सुटी करून व्हेलच्या टोकाला हाताने टाकली तरी दोन्हींचं नातं जुळतं.

उलट गाऊन अगदी साधा असेल तर सगळी हौस व्हेलवर करता येते. २०१८ साली ब्रिटनचे प्रिन्स हॅरी यांच्याशी लग्न करताना मेगन मार्कल यांनी हेच केलं होतं. गाऊनवर कुठेही काम नव्हतं आणि पाच मीटर लांब सिल्कच्या व्हेलच्या काठावर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरलेली होती. ते भरतकाम इतकं उठून दिसलं ते गाऊनच्या साधेपणामुळे.

सगळ्या काठाने लेस असलेली स्पॅनिश पद्धतीची मँटिला वेगळी. तिला चुण्या नसतात, ती डोक्यावर सपाट बसते आणि लेस चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उतरते. बंद गळ्याच्या, लांब बाह्यांच्या साध्या गाऊनला तिच्यासारखं दुसरं काही नाही. तुमच्या मण्यांना ती नको.

प्रश्न : गाऊन आयव्हरी, व्हेलही आयव्हरी म्हणूनच घेतली. तरी एकमेकांवर धरल्या की रंग वेगळे दिसतात.

आयव्हरी म्हणजे हस्तिदंती, पण हा एकच ठरलेला रंग नाही. कुणाचा आयव्हरी सायीकडे झुकतो, कुणाचा गुलाबीकडे. शिवाय नेट पारदर्शक असल्यामुळे एक थर नेहमी फिका दिसतो आणि चुण्यांमध्ये तेच नेट गडद दिसतं. म्हणून नेटचा तुकडा हातात धरून रंग ठरवू नका. तो गाऊनवर एका थरात पसरा, मग मुठीत गोळा करून बघा. खिडकीजवळच्या उजेडात एकदा आणि समारंभाच्या वेळी जसे दिवे असतील तशा दिव्यांत एकदा. गाऊनपेक्षा अर्धी छटा फिकी व्हेल चालते, डोळ्याला ती जुळलेलीच वाटते. पण आयव्हरी गाऊनवर निळसर पांढरी व्हेल ठेवली की गाऊन मळकट दिसतो. ही चूक सर्रास होते.

सिल्कचं नेट मुळातच किंचित पिवळसर असतं, निळसर पांढऱ्या गाऊनशी ते जुळत नाही. नायलॉनचं नेट गाऊनपेक्षा फारच पांढरं दिसत असेल तर चहाच्या कोमट पाण्यात बुडवून छटा चढवता येते. पॉलिएस्टरवर मात्र चहाचा रंग धरत नाही. आधी कातरणावर करून बघा, आणि तुकडा पूर्ण वाळल्यावरच रंग ठरवा, कारण ओला तुकडा गडद दिसतो.

प्रश्न : माझे केस पातळ आणि सुळसुळीत आहेत. लग्न मोकळ्या मैदानात आहे. व्हेल घसरेल अशी धास्ती वाटते.

व्हेल घसरते ती वजनाने कमी आणि ओढीने जास्त. कुणाचा तरी पाय टोकावर पडतो किंवा वारा भरतो, आणि कंगवा सरळ मागे निघून येतो. तेव्हा कंगव्याला धरायला केसांत काहीतरी हवं. जिथे कंगवा लावायचा तिथल्या केसांची आडवी, बारीक, घट्ट वेणी घाला, डोक्याला चिकटून, दोन-तीन इंच लांब. वेणी दोन पिनांनी बसवा. मग कंगव्याचे दात आधी उलट्या दिशेने, म्हणजे कपाळाकडे, वेणीखाली घाला आणि कंगवा उलटा फिरवून मागच्या बाजूला दाबा. असा अडकलेला कंगवा मागून ओढला तरी वेणीतच रुतत जातो. वरून दोन बॉबी पिना फुलीसारख्या, एकमेकींवरून घाला. पिनांना आधी हेअरस्प्रे मारला तर सुळसुळीत केसांतही त्या टिकतात. त्या दिवशी केस ताजे धुतलेले नसावेत, आदल्या दिवशी धुवा.

टिआरा, म्हणजे मुकुटासारखा दागिना, असेल तर ती आधी, वेगळ्या पिनांनी बसवा आणि व्हेलचा कंगवा तिच्या मागे लावा. म्हणजे नंतर व्हेल काढताना टिआराला आणि केसांना हात लागत नाही.

वाऱ्यात एका थराची साधी नायलॉनची व्हेल सर्वात जास्त उडते आणि तोंडावर येते. काठाला लेस असेल तर तिच्या वजनानेच व्हेल खाली राहते. लेस नको असेल तर मागच्या काठावर आतल्या बाजूने आठ-दहा इंचांच्या अंतरावर छोटे काचेचे थेंबासारखे मणी टाका. त्यापेक्षा जड काही लावू नका, नेट लोंबतं आणि फाटतं. गवतावर आणि खडीवर लांब व्हेल काड्या-कचरा गोळा करत जाते. मैदानासाठी फिंगरटिप हेच खरं शहाणपण.

प्रश्न : मी शिवणकाम करते. भाचीसाठी तोंडावर घेता येईल अशी दोन थरांची व्हेल घरी शिवायची आहे. किती नेट घेऊ, कसं कापू?

पुढचा थर ३० आणि मागचा ४२ इंच धरा, म्हणजे ७२ इंच लांबी. १०८ इंच पन्ह्याचं नायलॉन नेट दोन मीटर पुरे, सहा-सात इंच कापताना हाताशी राहतात. रुंदी ७२ इंच ठेवा, उरलेली पट्टी सरावाला वापरा.

नेट उभं दुमडा, म्हणजे रुंदी ३६ होईल. दुमड सोडून दुसऱ्या बाजूचे दोन्ही कोपरे मोठ्या ताटाच्या किंवा परातीच्या गोलाईने कापा. चार टोकं एकाच वेळी सारखी कापली जातात. नेट जमिनीवर चादरीवर पसरा, टेबलावरून ते घसरतं. कात्री लांब पात्याची हवी आणि एका दमात चालवायला हवी. थांबत थांबत कापलं की काठाला दातरे पडतात.

मग पुढच्या टोकापासून ३० इंचांवर आडवी खूण करा, पिनांनीच, कारण खडूचा डाग नेटवरून जात नाही. त्या रेषेवर दुहेरी दोऱ्याने हातानेच पाव इंचाचा धावदोरा घाला. एकेरी दोरा खेचताना तुटतो. मशीनवर शिवायचंच असेल तर खाली पातळ कागद ठेवा, नाहीतर नेट सुईबरोबर खाली ओढलं जातं. चुण्या साडेतीन इंचांपर्यंत ओढून गाठ मारा आणि तीन-चार टाक्यांनी पक्कं करा.

कंगवा धातूचा, साडेतीन इंचांचा. त्याचा आतला बाक डोक्याकडे येतो, नेट वरच्या, फुगीर बाजूला शिवायचं. प्रत्येक दोन दातांमधून दोरा कंगव्याच्या पट्टीवरून फिरवून घ्या. नेमकी इथेच घाई होते. फक्त दोन टोकांना टाके घातले की मधला भाग सुटून उभा राहतो आणि डोक्यावर तुरा दिसतो. पुढचा थर मागे टाकून बघा : चुण्यांची शिवण त्याच्या दुमडीखाली झाकली गेली तर दिशा बरोबर आहे. काठाला काही करायचं असेल तर बारीक पिको करा, पण धागा नेटच्याच छटेचा. चेहऱ्यापुढचा काठ शक्यतो साधा सोडा, फोटोत तोंडावरून रेघ जात नाही. भाची चष्मा लावत असेल तर पुढचा थर चष्म्यासकट घालून बघा, तीन-चार इंच जास्त लागू शकतात.

प्रश्न : आईची जुनी व्हेल पिवळी पडली आहे. शिवाय तिच्यावर घड्यांचे पक्के व्रण आहेत. वापरता येईल?

आधी ती कशाची आहे ते बघा. काठाचा एखादा धागा चिमट्यात धरून पेटवा : नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो, सिल्क जळून केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरडणारी राख उरते. सिल्क असेल तर घरी धुऊ नका. ते हलकेच ताणल्यावर फाटत असेल तर नेटचा नाद सोडा, लेस काळजीपूर्वक उसवा आणि नव्या नेटवर चढवा.

नायलॉन असेल तर कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबण घालून तासभर भिजवा, न चोळता, न पिळता. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, त्याने नायलॉन आणखी पिवळं पडतं. पाण्यातून काढताना खाली हात घालून सगळी एकदम उचला आणि पांढऱ्या टॉवेलवर सपाट वाळवा.

व्रणांवर इस्त्री फिरवू नका, क्षणात भोक पडतं. व्हेल लग्नाच्या दोन दिवस आधी उंच टांगा आणि स्टीमर सहा-सात इंचांवरून, आतल्या बाजूने फिरवा. सिल्कवर पाण्याचे थेंब उडू देऊ नका, डाग राहतात. आणि व्हेल नवी असो वा जुनी, समारंभात मेणबत्ती पेटवायची असेल तर त्याआधी पुढचा थर मागे घ्या आणि बाजूचं नेट कुणाला तरी हाताने धरून ठेवायला सांगा. नेट चटकन पेट घेतं.