तालिकीकरणाच्या, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, नियमांवर काम करायचंय ना?

मग थेट आरडीए या नियमसंहितेच्या सुधारणांच्या मसुद्यावर तुटून पडू नका. आधी तालिकीकरणाची १९६१ची पॅरिस तत्त्वे वाचा. मोजकीच पाने आहेत, पण आजचे बरेच वाद तिथे आधीच घातलेले दिसतील. मग इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे तालिकीकरणाच्या तत्त्वांचे २००९चे निवेदन, २०१६च्या सुधारणेसह. त्यात वाचकाची सोय सर्वांत वर आहे. नियम ठरवायच्या बैठकीत नेमकी तीच विसरली जाते.

खरी कसोटी नावांची. ‘आडनाव आधी’ एवढ्यावर जगाचे भागत नाही. आइसलँडमध्ये दुसरा शब्द बहुधा वडिलांच्या नावावरून येतो, म्हणून तिथल्या लेखकाची नोंद पहिल्या नावाखाली होते. हंगेरीत आडनाव मुळातच आधी लिहितात. कोणी सरसकट नियम सुचवला, की तो कोणत्या देशाची नावे समोर ठेवून बेतलाय ते विचारा.

विरामचिन्हांना हसू नका (सुरुवातीला सगळेच हसतात). आयएसबीडी या नोंदींच्या मांडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात शीर्षकानंतर जागा, तिरकी रेघ, पुन्हा जागा आणि मग लेखक. भाषा न येणाऱ्यालाही शीर्षक कुठे संपले ते कळते.

मसुद्यावर हरकत नोंदवताना एखाद्या खऱ्या पुस्तकाची नोंद जोडा. नुसते ‘संदिग्ध वाटते’ कोणी मनावर घेत नाही.