बांधकाम परवानगी : ऐकीव गोष्टी आणि कागदावरच्या

बरीच पत्रे साचली आहेत आणि त्यांतली बहुतेक ‘कोणीतरी सांगितले की…’ अशीच सुरू होतात. हा कोणीतरी कधी दलाल असतो, कधी सेंट्रिंगवाला, कधी मेहुण्याचा मित्र. काही प्रश्न म्हणून एकत्रच घेतो. उत्तरे महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीला, म्हणजे ‘यूडीसीपीआर’ला धरून आहेत. मुंबई आणि आणखी काही ठिकाणे तिच्यातून वगळलेली आहेत. तिथल्या वाचकांनी हे वाचून काही ठरवू नये.

प्रश्न : १५०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायला आता परवानगी लागतच नाही, हे खरे का?

लागते. सोपी झाली आहे, रद्द झालेली नाही. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर छोटे घर बांधायचे असेल तर परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने नियमांत बसणारा नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचे आणि ती पोचपावती हीच परवानगी धरायची. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. मार्जिन (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची जागा), एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण), उंची हे सगळे दोन्हीकडे लागू आहेच. शिवाय प्लॉट मुळात अधिकृत हवा. बातमीचा मथळा वाचून पायाचे खड्डे घेणारे लोक मी पाहिले आहेत. नोटीस आल्यावर ते मथळ्याचे कात्रण घेऊन येतात. आधी अभियंत्याकडे जा.

प्रश्न : घराची फरशी बदलायची आहे, गिलावा आणि रंगही करायचा आहे. नगरपालिकेची परवानगी लागेल का?

नाही, पण त्याच कामात एखादी भिंत किंवा पिलर काढायचा बेत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय घणाला हात लावू नका.

प्रश्न : शहरापासून सहा किलोमीटरवर ‘एनए बाँड प्लॉट, यलो झोन लगत’ अशी जाहिरात आहे. दोन गुंठे घेतोय. अकरा जण मिळून एकच खरेदीखत होणार आहे. सातबाऱ्यावर नाव लागेल म्हणतात. घ्यावा का? टोकन परवा द्यायचे आहे.

टोकन देऊ नका. हे पहिले वाक्य वाचून थांबलात तरी चालेल, पण कृपया पुढचेही वाचा, कारण या एका प्रश्नाची पत्रे बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त आहेत.

तुम्ही पाठवलेले पत्रक समोर आहे. वर कमान, दोन्ही बाजूंना नारळाची झाडे, मध्ये पिवळा रंग भरलेला नकाशा. त्या नकाशावर ना मंजुरीचा शिक्का, ना क्रमांक, ना तारीख. यलो झोन म्हणजे विकास आराखड्यात पिवळ्या रंगाने दाखवलेला रहिवासी विभाग. ‘यलो झोन लगत’ म्हणजे यलो झोन नव्हे. लगत म्हणजे बाहेर! बाहेर बहुधा शेती विभाग असतो, आणि शेती विभागात सहसा निवासी प्लॉट पाडता येत नाहीत. ‘प्रस्तावित यलो’ हा त्याचाच धाकटा भाऊ. प्रारूप आराखड्यात पिवळी दिसलेली जमीन हरकती-सूचनांनंतर, शासनाच्या मंजुरीच्या वेळी पुन्हा हिरवी होऊ शकते आणि होते.

आता ‘एनए बाँड’. एनए म्हणजे जमिनीचा बिगरशेती वापर. या नावाची कोणतीही परवानगी महसूल कायद्यात नाही. तुमच्या पत्रासोबतचा कागद मी वाचला. विकणाऱ्याने मुद्रांकावर लिहून दिले आहे की ‘भविष्यात एनए करून देण्याची जबाबदारी आमची राहील’. मुदत लिहिलेली नाही, न झाल्यास पैसे परत असेही कुठे लिहिलेले नाही. गंमत अशी की मंजूर आराखड्यातल्या रहिवासी जमिनीसाठी वेगळ्या एनएची कटकट २०१७ सालीच महसूल संहितेच्या कलम ४२-ब ने बरीच कमी केली. जमीन खरोखर पिवळी असती तर हा बाँड लिहायची वेळच कशाला आली असती?

अकरा जणांचे एक खरेदीखत का, तेही समजून घ्या. शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला बंदी करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात बसावे म्हणून. बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे त्याहून लहान तुकडा विकता येत नाही ती मर्यादा, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. एकट्याला दोन गुंठे विकता येत नाहीत म्हणून सगळ्यांना एकत्र बांधायचे. सातबाऱ्यावर तुमचे नाव सामाईक खात्यात लागेल, हे खरे. पण फक्कीने आखलेला तो दोन गुंठ्यांचा चौकोन तुमचाच आहे असे सांगणारा एकही सरकारी कागद तुमच्याकडे नसेल. उद्या त्यातल्या एकाने कर्जासाठी किंवा वाटणीसाठी कोर्ट गाठले की बाकीचे दहा जण त्याच्या मागे. तुकडेबंदीत अलीकडे काही सवलती आल्या आहेत आणि दलाल त्या मोठ्या आवाजात सांगतात. त्या सवलती व्यवहार वैध ठरण्यापुरत्या आहेत. त्याने बांधकाम परवानगी मिळत नाही.

परवानगीसाठी लागते मंजूर रेखांकन, म्हणजे प्लॉट व रस्ते दाखवणारा मंजूर लेआउट. त्यात किमान नऊ मीटरचे रस्ते सोडावे लागतात, जमीन ०.४ हेक्टर किंवा जास्त असेल तर दहा टक्के खुली जागा. या जागा सोडल्या की विकायला प्लॉट कमी उरतात. स्वस्त प्लॉटचा ‘स्वस्त’पणा इथून येतो: तुमचा रस्ता आणि तुमच्या मुलांचे मैदान विकून.

‘पुढे गुंठेवारीत नियमित होईल’ हे शेवटचे आमिष. विनापरवानगी पाडलेले छोटे प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यात, कोणत्या तारखेपर्यंतचे प्लॉट चालतील ती मुदत २०२१ साली वाढवून ३१ डिसेंबर २०२० करण्यात आली. तुम्ही प्लॉट घेताय आज.

तुम्ही एवढे करा. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा, दलालाने आणलेला नको. मंजूर रेखांकनाची प्रत व आदेश क्रमांक मागा. सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’ वाचा. मग हे सगळे वकिलाला दाखवा. ‘परवापर्यंतच रेट आहे’ म्हणणाऱ्याला सांगा, परवा नाही जमणार.

प्रश्न : नकाशा दाखल करून ६० दिवस झाले. उत्तर नाही. कायद्याने परवानगी मिळाली असे समजून काम सुरू करू का?

घाई करू नका. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५(५) मध्ये मानीव परवानगी, म्हणजे मुदतीत उत्तर न आल्यास मिळाली असे धरायची परवानगी, आहे खरी. पण कार्यालयाने त्रुटी काढली असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजले जातात, आणि प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच ती मानीव. एका बाजूला अर्धा मीटर मार्जिन कमी पडले तर तेच बांधकाम अनधिकृत धरून कारवाई होऊ शकते. फायली साठ-साठ दिवस दाबून ठेवणाऱ्या टेबलांचा मलाही मनस्वी राग येतो. एक त्रुटी एका वेळी काढायची, हे तर तिथले जुने तंत्र. तरीही लेखी स्मरणपत्र द्या, ऑनलाइन फाइल कुठे अडली ते पाहा, आणि अभियंत्याकडून नकाशा पुन्हा तपासून घ्या. नकार आला तर ४० दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येते.

प्रश्न : आमच्या जागेवर खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. दहा वर्षे झाली की ते आपोआप उठते ना?

आपोआप काहीही उठत नाही. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाल्यावर मालकीच्या कागदांसह कलम १२७ ची नोटीस तुम्ही द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. नोटीस कच्ची असली की ती दोन वर्षे फुकट जातात, म्हणून ती वकिलाकडूनच लिहून घ्या. दरम्यान नगरपालिका टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्या म्हणेल. लहान गावात त्याला गिऱ्हाईक कोण, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : शेजाऱ्याने कंपाउंडला लागूनच खोली काढली. मग मीही काढली तर?

दोघांनाही नोटीस.

प्रश्न : फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र नाही. बिल्डर म्हणतो, घरपट्टी लागली म्हणजे काम अधिकृतच.

अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये तर शास्ती (दंड) लावण्याची तरतूद आहे, आणि कर व शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही हेही तिथेच म्हटले आहे. वीज मीटरचे तेच. ताबा घेतला नसेल तर घेऊ नका; घेतला असेल तर सगळ्या सभासदांनी मिळून वकील गाठा.

प्रश्न : प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत दाखवला आहे, पण २०१९ लाही आमच्या गल्लीत पाणी आले नव्हते. बांधकाम करता येईल का?

नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवे बांधकाम नाही. दोन्हींच्या मध्ये असाल तर जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घेण्याच्या अटीवर विचार होतो. रेषा चुकीची आखली आहे असे वाटत असेल तर गल्लीतल्या आठवणी पुरणार नाहीत. भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा आणि जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा एकावर एक ठेवून पाहा, तोही परवानाधारक अभियंत्यासोबत.