गटप्रकल्पातला वाद आणि संगणक

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला पर्यावरणशास्त्र शिकवते. 'उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारट का होते' या गटप्रकल्पात कारण पाण्याचा उपसा की खते यावरून मतभेद झाला आणि एका विद्यार्थ्याने सामायिक गूगल डॉक्समधला मैत्रिणीचा परिच्छेद खोडला. वाद व्हॉट्सॲपवर गेला आणि आता दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. असा तंटा सोडवणारी एखादी संगणकीय सोय आहे का?

उत्तर : तंटा परस्पर मिटवून देणारी सोय मी सुचवणार नाही, पण मुद्दा माणसांपासून सुटा करून सर्वांसमोर मांडण्याचे काम संगणक उत्तम करतो. खारटपणा उपशामुळे की खतांमुळे, हा मतभेद अभ्यासाचाच आहे, तो दाबू नये. विलेम द्वाझ आणि गाब्रिएल म्यूनी या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मुलांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की मतांच्या टकरीतून समज वाढते. मात्र ती टक्कर विचाराने सुटावी लागते, एकाने 'बरं, तुझंच खरं' म्हणून माघार घेतली तर लाभ होत नाही.

याच विचाराला जवळचे 'बेल्व्हेडेर' हे सॉफ्टवेअर संशोधक डॅन सदर्स आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गला घडवले. त्यात गृहीतके आणि निरीक्षणे वेगवेगळ्या चौकटींत लिहून 'पुष्टी देते' किंवा 'विरोधात जाते' अशा रेषांनी जोडता येत. पुढे सदर्स यांनी आकृती, तक्ता आणि साधा मजकूर यांची तुलना केली, तेव्हा तक्ता वापरणाऱ्यांनी पुराव्याचा गृहीतकाशी असलेला संबंध अधिक चर्चिला. मला हे स्वाभाविक वाटते, कारण रिकामा राहिलेला रकाना स्वतःच प्रश्न विचारतो. आपण साध्या गूगल शीटमध्ये हे करू शकता : ओळींत विहिरींची निरीक्षणे, स्तंभांत दोन्ही कारणे, आणि निरीक्षण त्या कारणाला पुष्टी देते की विरोधात जाते, हे लिहून प्रत्येक रकाना दोघांनी मिळून भरायचा.

खोडलेला परिच्छेद गूगल डॉक्सच्या आवृत्ती-इतिहासातून, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीतून, परत मिळेल, आणि यापुढे दुसऱ्याच्या मजकुरात थेट बदल न करता 'सूचना' पद्धतीनेच बदल सुचवावेत, असा नियम गटाकडूनच ठरवून घ्यावा. त्या इतिहासातून कोणी किती शब्द लिहिले हे मोजून कृपया गुण देऊ नका. उन्हात विहिरीवर जाऊन नमुने आणणाऱ्या मुलाची त्यात एकही नोंद नसते.

दुखावलेले मन मात्र शीटमध्ये मांडता येत नाही. तक्ता उघडण्याआधी दोघांना आपल्यासमोर बसवा, आणि परिच्छेद का खोडला हे आधी त्या मुलाकडून, मग ते वाचून काय वाटले हे त्या मुलीकडून, मध्ये न बोलता ऐकून घ्या.