आधी ऐकायला शीक

प्राची, टांझानियात कॅमफेड असोसिएशन या माजी विद्यार्थिनींच्या संघटनेबरोबरच्या पहिल्या बैठकीला वही घेऊन जा, सल्ले मात्र घरीच ठेव. आपण मदतीला आलोय हा तोरा तिथे चालत नाही. मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या कॅमफेड या संस्थेने १९९३ मध्ये झिम्बाब्वेत ३२ मुलींपासून सुरुवात केली. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनीच १९९८ मध्ये ही माजी विद्यार्थिनींची संघटना उभी केली. सुरुवातीच्या मुलींमधली अँजेलिन मुरिमिर्वा तर पुढे कॅमफेडची प्रमुख झाली. आता कोणी कोणाला शिकवायचं ते तूच बघ!

नीट समजून घे ते कर्जाचं. धंदा करणाऱ्या ‘लर्नर गाइड’ला, म्हणजे शाळेतल्या मुलींना साथ देणाऱ्या माजी विद्यार्थिनीला, बिनव्याजी पैसे मिळू शकतात, व्याज फेडायचं ते वेळ देऊन. शाळेत जाऊन मुलींना धीर द्यायचा, गळणाऱ्या मुलीला परत वर्गात आणायचं. बचत गटाच्या हिशेबात वाढलेल्या मला हे पचायला जरा वेळच लागला.

म्हणून अहवाल नंतर वाच, आधी अशा एखादीबरोबर तिच्या शाळेत दिवसभर बस. चार वाक्यं स्वाहिलीत पाठ कर, चुकलीस तर मुली हसतील, हसू दे. आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस.