न विरघळणाऱ्या औषधाचे नॅनोकण त्वचेतून आत जातात का?

तुम्ही विचारलंय की करक्युमिनसारखं (हळदीतलं पिवळं द्रव्य) पाण्यात जवळपास न विरघळणारं औषध नॅनोकण करून जेलमध्ये घातलं, तर ते कण त्वचा भेदून आत जातात का. बहुतेक वेळा नाही जात. कण बाहेरच राहतो. आत शिरतो तो त्याच्यातून सुटलेला एकेक रेणू. पदव्युत्तर प्रकल्पात मी याच विषयावर काम केलं, आणि 'कण आत घुसतात' हे वाक्य माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. मार्गदर्शकांनी ते लाल शाईने खोडलं.

त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड, पण खरी अडवणूक तिथेच. विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि सांध्यांमध्ये मेद. 200 नॅनोमीटरच्या कणाला त्यातून वाट मिळत नाही. सनस्क्रीनमधले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण धडधाकट त्वचेत वरच्या वरच राहतात ते यामुळेच. रेणूसाठी साधारण 500 डाल्टनची (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) मर्यादा सांगतात; करक्युमिन 368 चं, म्हणजे आकाराची अडचण नाहीच. अडचण ही, की विरघळलेलाच रेणू आत जातो आणि इथे विरघळतं नगण्य.

20 मायक्रोमीटरचा स्फटिक दळून 200 नॅनोमीटरचा केला, तर तेवढ्याच औषधाचं पृष्ठफळ 100 पट होतं आणि ते झपाट्याने विरघळतं. हे सगळेच सांगतात. पण नुसत्या वेगाने भागत नाही. साधारण 1 मायक्रोमीटरच्या खाली गेल्यावर संपृक्त विद्राव्यताही (द्रवात जास्तीत जास्त किती विरघळू शकतं ते प्रमाण) वाढू लागते, कारण अतिसूक्ष्म कणाच्या वक्र पृष्ठभागावरून रेणू सहज सुटतात. त्वचेलगत विरघळलेलं औषध जास्त आणि आतल्या बाजूला जवळपास शून्य, या फरकाच्या जोरावर सगळा प्रवाह चालतो. जेवढे रेणू आत गेले, तेवढे कणातून पुन्हा विरघळतात.

मेदाचे कण वापरलेत तर आणखी एक फायदा: त्यांचा पातळ थर त्वचेवर बसतो, ओलावा उडत नाही आणि वरचा थर थोडा सैल होतो. रोमकूपांत मात्र कण खरोखर शिरतात आणि तिथे साठून राहतात. तेवढा अपवाद.

आता खाचखळगे. विद्राव्यता वाढवायला सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) भरमसाट घालू नका. औषध मायसेलमध्ये, म्हणजे सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या बारीक पुंजक्यांत, अडकतं, काचेच्या बाटलीत आकडा छान दिसतो, पण मोकळे रेणू वाढलेले नसतात. फ्रांझ सेल म्हणजे मधे त्वचेचा तुकडा, वर जेल आणि खालच्या कप्प्यात द्रव ठेवून पलीकडे किती औषध पोचलं ते मोजायचं उपकरण. त्याच्या खालच्या कप्प्यात साधं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं पाण्याचं द्रावण) भरून मी दोन आठवडे शून्य मोजलं. औषध त्यात विरघळतच नव्हतं, तर दिसणार कुठून! आणि उंदराची त्वचा माणसापेक्षा बरीच झिरपू देते, त्यामुळे आकडे फुगतात. डुकराच्या कानाची त्वचा बरी.

तुमचं जेल फक्त त्वचेच्या सुजेसाठी असेल, तर खालच्या कप्प्यात औषध कमी आलं म्हणून हिरमुसू नका. चिकटपट्टीने वरचा मृत थर उचलून काढा आणि उरलेल्या त्वचेत औषध किती आहे ते मोजा. सोबत त्याच जेलमध्ये तेवढंच न दळलेलं औषध घालून तुलना ठेवा. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतील.