पेठेतल्या जुन्या नाट्यगृहाच्या डागडुजीला थोडेच पैसे आहेत. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: संस्थेचं नाट्यगृह पुण्यात शनिवार पेठेत, 1950 च्या दशकातलं. विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्यांवर, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर, पत्रा, बाल्कनी मागाहून बांधलेली. एक देणगीदार मिळालाय. विश्वस्तांना खुर्च्या बदलून रंग द्यायचाय आणि तुमचा जीव छतातून ठिबकणाऱ्या पाण्यात अडकलाय.

खुर्च्या राहू द्यात. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो आणि कॉलेजात असताना विंगेत फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी, ठोकण्यात बरीच उमेद घालवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनं नाट्यगृह वयानं जेवढं थकत नाही तेवढं भरीनं थकतं. आलेल्या प्रत्येक कमिटीनं काहीतरी लावलं, काढलं मात्र कुणीच काही नाही. आधी नुसते पंखे होते. मग आवाज घुमतो म्हणून प्लायवूडचं सीलिंग आलं, ते डागाळलं म्हणून त्याच्या खाली जिप्समचं आलं, मग एसीची डक्ट, मग स्पीकर. हे सगळं ज्या कैच्यांना लटकतंय त्या कैच्या फक्त पत्रा, वारा आणि पंखे यांच्या हिशेबानं केलेल्या होत्या. त्यामुळे देणगीतला पहिला पैसा काहीही नवीन लावण्यावर न घालवता काढण्यावर घालवा.

एक माणूस सीलिंगच्या वर पाठवा. फोटो काढायला नव्हे, नीट बघायला, आणि सोबत फळ्या, बॅटरी आणि कमरेला दोर हवा, कारण जिप्समवर पाय पडला तर माणूस थेट पाचव्या रांगेत येईल. वर काय दिसतं ते सांगतो. पेठेतल्याच एका सभागृहात मी चढलो तेव्हा पन्हळीत कबुतरांच्या विष्ठेचा आणि काटक्यांचा वीतभर थर होता. पाणी जायला जागाच नव्हती, म्हणून ते पत्र्याच्या कडेवरून आत उतरून कैचीच्या टोकाशी, म्हणजे जिथे ती भिंतीवर बसते तिथे, साठत होतं. ती बैठकीची प्लेट बोटानं खरवडली तर पापुद्रे निघत होते. खाली प्रेक्षागृहात मात्र याची खूण एवढीच, की कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा एक डाग. दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात फिरत असे.

आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, तो आठवडाभर भुरभुरत राहतो. भिंत वाळायला उसंतच मिळत नाही. म्हणून पन्हळी, खाली येणारे पाइप आणि पत्र्याच्या बोल्टांचे वॉशर हे काम जून उजाडायच्या आत उरकायचं. त्याला लागतात दोन-तीन माणसं, शिडी आणि थोडं साहित्य. खुर्च्यांच्या एका रांगेच्या पैशात बहुधा सगळं होऊन जाईल. अडचण एवढीच की खुर्चीच्या पाठीवर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते, पन्हळीवर लावता येत नाही. यावर माझा उपाय असा: दर्शनी भागात एकच मोठा फलक लावा, ‘नाट्यगृहाच्या छताचे दाते’. पुणेकराला पाटी आवडते, ती कुठे आहे याला तो फार महत्त्व देत नाही.

वर गेलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट बघायला सांगा: ओझं कुठे लटकवलंय. कैची ओझं पेलते ते सांध्यांवर, जिथे दोन-तीन अँगल येऊन मिळतात तिथे. दोन सांध्यांच्या मधोमध अँगलला तार गुंडाळून स्पीकर टांगला तर तो अँगल वाकायला लागतो, आणि त्या कामासाठी तो बनवलेलाच नसतो. बाहेरचा इव्हेंटवाला असं करून जातो, तार तशीच राहते, पुढचा त्याच तारेला आणखी काहीतरी टांगतो. मृत वायरी, बंद पडलेल्या डक्ट, जुन्या सीलिंगचा वरचा थर, हे सगळं उतरवून भंगारात घाला. किती टेम्पो भरतात ते पाहून विश्वस्तांना माझ्या पत्राची गरज उरणार नाही.

सीलिंग म्हटलं की मला लंडनचं अपोलो थिएटर आठवतं. 1901 सालचं. 19 डिसेंबर 2013 च्या रात्री प्रयोग चालू असताना तिथल्या प्लास्टरच्या छताचा मोठा भाग खाली आला, पाऊण शेच्या आसपास माणसं जखमी झाली. नशिबानं कुणी दगावलं नाही. तपासात निघालं ते असं, की छत ज्या गोणपाटाच्या आणि प्लास्टरच्या बांधण्यांनी वरच्या लाकडाला टांगलेलं होतं त्या बांधण्याच कुजल्या होत्या. नक्षीकाम खालून छान दिसत होतं. आपल्याकडे गोणपाटाच्या जागी बाइंडिंग वायर असते, एवढाच फरक. ती तार दमट हवेत किती टिकते ते कुठल्याही स्लॅबच्या सेंट्रिंगवाल्याला विचारा.

आता भिंती. शनिवार पेठ म्हणजे नदीकाठ, आणि इमारत 1950 च्या दशकातली, म्हणजे 12 जुलै 1961 चं पानशेतचं पाणी तिनं पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. त्या पुरात काठच्या पेठांमधले मातीत बांधलेले कितीतरी वाडे कोसळले. तुमची इमारत उभी राहिली, पण नंतर पायाजवळ काय दुरुस्ती झाली याचा कागद संस्थेच्या कपाटात आहे का ते शोधा. भिंतीला खाली दोन-तीन फुटांपर्यंत लोणा, म्हणजे ओलीनं वर येणारा पांढरा क्षार, लागलेला असेल आणि त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर भिंत चुन्यातली आहे का ते आधी बघा. चुन्यातली भिंत ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. दरवर्षी गिलावा पडतो, दरवर्षी नवा लागतो, ठेकेदार खूश. तिथला सिमेंट गिलावा झाडून चुन्याचाच करणं हा खरा इलाज, आणि तो करणारे गवंडी पुण्यात अजून आहेत.

बाल्कनीची मला सगळ्यांत जास्त काळजी आहे. मागाहून बांधलेली, पुढे झुकती, आरसीसीची, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या मागेच स्वच्छतागृह. गळणारं पाणी काँक्रीटमध्ये मुरलं की आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि वरचं कव्हर फोडून बाहेर ढकलतो. बाहेर आलेल्या बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, म्हणजे पायऱ्यांच्या आणि फरशीच्या खाली, कुणाला न दिसणारी. खालून प्लास्टर शाबूत दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. भारतीय मानकात बसवलेल्या खुर्च्यांच्या सभागृहाला दर चौरस मीटरला 4 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं 400 किलो, भार धरतात. खुर्च्या पक्क्या नसतील तर 5. तुमची बाल्कनी कुठल्या हिशेबानं केली होती याचं ड्रॉइंग मिळालं तर सोनं. मिळालं नाही, तर तपासणी होईपर्यंत ती प्रेक्षकांना बंद ठेवा. एकांकिका स्पर्धांना तर नक्कीच. ‘आव्वाज कुणाचा’ म्हणत पोरं एका तालात पाय आपटतात तो भार बसलेल्या माणसांचा नसतो, तो हादरे देणारा असतो.

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला ते महापालिका कायद्यानं करावंच लागतं, तेव्हा ‘करू की नको’ हा प्रश्न नाही. प्रश्न आहे कसलं ऑडिट. भेगांचे रंगीत फोटो आणि शेवटी ‘इमारतीची स्थिती सर्वसाधारणपणे समाधानकारक’ असा अहवाल घेऊन काही उपयोग नाही. अभियंत्याला आधीच लिहून द्या: बाल्कनीवर काँक्रीटचा कठीणपणा कळायला रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळ्यांसाठी अल्ट्रासॉनिक पल्स, सळई गंजत असण्याची शक्यता किती ते कळायला हाफ सेल चाचणी, आणि दोन-चार कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले नळकांडीसारखे नमुने. कैच्यांच्या अँगलची उरलेली जाडी मोजून हवी, गंज घासून काढल्यावर मोजलेली. आणि जो दुरुस्ती करणार त्याच्याकडून ऑडिट करून घेऊ नका, मग तो कुणाचा मेहुणा का असेना. इमारत वारसा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी काम काढण्याआधी घ्यायची.

आगीचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे बरंचसं काम फुकटात होतं.

दिल्लीच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 ला 59 माणसं गेली. आग खाली ट्रान्सफॉर्मरला लागली होती, माणसं मेली वर बाल्कनीत, धुरानं गुदमरून. बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. म्हणून तुमच्या विश्वस्तांनी ‘दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची वाढवू’ असं म्हटलं तर तिथेच अडवा. पुढच्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली की स्वतः उठा आणि प्रत्येक दरवाजा हातानं ढकलून बघा. माझी खात्री आहे, एकाला तरी बाहेरून साखळी असेल, फुकटे शिरू नयेत म्हणून, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो डोअरकीपर कोपऱ्यावर चहा पीत असेल. दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजेत, आतून नुसत्या धक्क्यानं. त्याला मंजुरी, निविदा काही लागत नाही, सुतार लागतो. तसंच बाहेर: गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाक्या लागलेल्या असताना अग्निशामक दलाचा बंब दारापर्यंत येईल का? दलाच्या माणसाला एकदा बोलावून प्रयोगाच्या वेळी गल्ली दाखवा.

आमच्या नाटकवाल्यांची खोडही सांगतो. रंगमंचाखाली आणि विंगांच्या मागे जुनी नेपथ्यं साठतात. ‘पुढच्या वर्षी लागेल’ म्हणून ठेवलेले फ्लॅट, कापड, थर्माकोल, रंगाचे डबे. तिथेच कुणीतरी इस्त्री लावतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हा प्रयोग चालू नव्हता आणि जीवितहानी झाली नाही. नाट्यगृहात लाकूड आणि कापड किती असतं आणि ते किती झटपट जातं, हे त्या रात्री अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. तुमच्या मुख्य पडद्याची एक चिंधी कापून मागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटवून बघा. काडी बाजूला घेतल्यावर ती विझली पाहिजे. जळत राहिली तर पडद्याला आगरोधक प्रक्रिया नाही, किंवा होती ती धुण्यात गेली.

वायरिंगसाठी कंत्राटदाराकडून लोड सर्व्हे करून घ्या, कागदावरचा नाही, खरा: सगळे दिवे, एसी, साउंड चालू ठेवून तासाभरानं पॅनेलवर थर्मल कॅमेरा धरायचा. सैल जोड लगेच चमकतो. न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, करंट वेगळा मोजायला सांगा. एलईडी आणि डिमर यांच्यामुळे न्यूट्रलमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त करंट फिरतो, आणि जुन्या इमारतीत न्यूट्रलचीच तार बारीक टाकलेली असते. एलईडी आले म्हणजे लोड कमी झाला, असं म्हणून गप्प बसणारे खूप आहेत. रंगपटात आणि रंगमंचावरच्या सॉकेटांना 30 मिलीअँपचे आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारे स्विच, आणि धड अर्थिंग हवं, कारण तिथे ओल्या हातांची माणसं अंधारात प्लग घालतात.

आणि फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. मागचे फॉर्म काढून बघा. प्रत्येक वेळी तोच मजकूर, नुसती तारीख बदललेली, असं दिसलं तर एजन्सी बदला. नवीन माणूस आला की त्याच्यासमोर पंप चालू करून होज रीलमधून पाणी काढायला लावा. पाणी आलं तरच सही.

एवढं झाल्यावर देणगीतून जे उरेल त्यातून खुर्च्या. त्याही बदलण्याआधी एकदा मोडतोड तपासा. जुन्या सागवानी खुर्च्या असतील तर नुसतं पॉलिश आणि नवा काथ्या पुरेल, आणि आजच्या फोमच्या खुर्च्यांपेक्षा त्या जळायलाही जास्त वेळ घेतात. नाट्यगृह किती दिवस बंद ठेवावं लागेल, असं कमिटी विचारेल. जूनच्या आधी छत करायचं असेल तर एप्रिल-मेच्या तारखा आत्ताच अडवून ठेवा. बालनाट्यवाले आणि शिबिरंवाले ओरडतील, त्यांना दिवाळीची तारीख द्या.