बाई, एक विचारू? : हॉट सीट आणि घरचा सोफा

निपाणीहून एक वाचक : बाई, आमचे हे रोज रात्री 'कौन बनेगा करोडपती' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून बसतात. स्पर्धकाच्या आधी उत्तर ओरडतात आणि वर "मी असतो तर कोटी घेऊनच आलो असतो" म्हणतात. औंदा गल्लीच्या गणपतीत तसलाच खेळ ठेवला होता. हे दुसऱ्याच प्रश्नाला गार. आता घरात कुणी चेष्टेनं 'लॉक करू?' म्हटलं तरी जेवणावरून उठतात. असं का व्हावं?

ताई, त्यांना हसू नका. आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मंडळाचे प्रश्न मीच काढते. माइकसमोर गार पडलेली भलीभली माणसं मी बघितली आहेत. एका वर्षी सोपा म्हणून पहिलाच प्रश्न ठेवला : गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते कुठं भरलं? लाहोर, कराची, नागपूर, बेळगाव. समोरच्या गृहस्थांचं घर काँग्रेस विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. १९२४ च्या त्याच अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खोदलेली विहीर. रोज सकाळी ते तिच्यावरूनच फिरायला जातात. उत्तर दिलं, लाहोर! खाली उतरल्यावर मला म्हणाले, "बेळगाव इतकं सोपं असेल असं वाटलंच नाही वो बाई."

सोफ्यावर बसलेल्या माणसाला चार पर्याय दिसले की त्यातलं ओळखीचं नाव पुढं येतं, आणि ते ओरडलं की झालं. बरोबर आलं तर महिनाभर सांगायला होतं, चुकलं तर पुढच्या प्रश्नापर्यंत विसरतं. म्हणून त्यांना एक दोनशे पानी वही आणून द्या. उत्तर हिरवं व्हायच्या आधी लिहायचं आणि शेजारी खूण करायची : नक्की, अर्धवट, की नुसता अंदाज. निवृत्त झाल्यावर मी हे दोन महिने केलं. 'नक्की' म्हणून लिहिलेल्या पन्नासेक उत्तरांत माझी नऊ चुकली, त्यातली चार इतिहासाची. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला मी! त्या रात्री वही मिटून सरळ झोपले.

खरा खेळ त्या खुणांचा असतो. २००० साली हा हिंदी कार्यक्रम सुरू झाला तेव्हाची बक्षिसांची शिडी आठवा. पाचव्या प्रश्नाला दहा हजार आणि दहाव्याला ३ लाख २० हजार, हे दोन टप्पे पक्के, म्हणजे पुढं चुकलं तरी तेवढे हातात राहतात. आता माणूस ६ लाख ४० हजारांवर उभा आहे आणि पुढचा प्रश्न साडेबारा लाखांचा आहे. चुकला तर जातात ३ लाख २० हजार, बरोबर आला तर वाढतात ६ लाख १० हजार. म्हणजे तीनदा खेळून एकदा जरी बरोबर येणार असेल, तरी कागदावर हिशेब जवळजवळ फिटतो. पन्नास लाखांवरून कोटीला हात घालताना मात्र चुकलं की ४६ लाख ८० हजार जातात. तिथं निम्म्यानिम्मी खात्री हवी. फिफ्टी-फिफ्टी वापरून दोनच पर्याय उरले, तर नुसत्या अंदाजालाही तेवढी मिळते. गणिताच्या मास्तरांना हे पटतं. पण गणिताला घराचं गळकं छप्पर दिसत नाही.

आमच्याच मांडवात एक आजी आल्या होत्या. विड्या वळून घर चालवलेलं. चार उत्तरं बरोबर देऊन कुकर जिंकल्या. पुढचा प्रश्न मिक्सरचा, आणि चुकलं तर कुकरही परत. प्रश्न ऐकला, चारी पर्याय ऐकले आणि म्हणाल्या, "हे मला म्हाईत न्हाई. कुकर द्या, मी चालले." गल्ली हसली. मी त्या दिवशी ठरवलं की खेळात सगळ्यांत शहाणी बाई तीच. कोचिंग क्लासवाल्यांनी तिला बोलवायला हवं.

तुमच्या यजमानांचं सोफ्यावर काहीच पणाला लागलेलं नसतं. गल्लीत अब्रू लागली होती, म्हणून गार पडले. पुढच्या वर्षी परत बसवा.

अथणीहून एक वाचक : मोबाइलवर निरोप आला आहे. बच्चनसाहेबांचा फोटो, २५ लाखांची लॉटरी लागली म्हणतात. आधी थोडे पैसे भरायचे आहेत. भरू का?

नका भरू. त्या कार्यक्रमात लॉटरी हा प्रकारच नाही, तिथं उत्तर द्यावं लागतं. तुम्ही कुठलं उत्तर दिलं होतं, आठवतंय? बक्षीस देणारा आधी तुमच्याकडून फी मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत घरी बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन करा. निरोप पुसू नका, तो पुरावा आहे.

खानापूर तालुक्यातला एक विद्यार्थी : मी मराठी माध्यमात शिकलो. कन्नड शाळेत एक विषय म्हणून होतं, इंग्रजी जेमतेम. हिंदी, मराठी की कन्नड, कुठल्या कार्यक्रमाला नाव द्यावं?

पोरा, हा खेळ मूळचा ब्रिटनचा, १९९८ चा. हिंदीत तो ३ जुलै २००० ला आला. २०१२ मध्ये 'कन्नडद कोट्यधिपती' आला, दिवंगत पुनीत राजकुमार विचारायचे. २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी मराठीत विचारायला सुरुवात केली. पुण्याच्या पोराला यातली दोनच दारं उघडी, तुला तिन्ही. जिथं नोंदणी सुरू असेल तिथं नाव दे. निवडीची संधी आलीच, तर ज्या भाषेतला प्रश्न एकदा वाचून कळतो ती घे. सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ असतं, मनात भाषांतर करत बसायला वेळ नसतो.

इंग्रजीचं भय नको. २०१९ मध्ये हिंदीत एक कोटी जिंकलेल्या बबिता ताडे अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवायच्या.

आपल्याकडच्या मुलांनी एक तयारी मात्र करायला हवी : दुहेरी नावांची. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारदरबारी बदलली. विजापूरचं विजयपुर, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, आपल्या बेळगावचं बेळगावी. घरात काय म्हणायचं ते तुझ्या घरचे बघतील, पण पर्यायांत दोन्ही ओळखता यायला हवीत. बाकी तुला फुकट मिळालेलं पुष्कळ आहे. १८२४ ला इंग्रजांशी लढलेली कित्तूरची चन्नम्मा तू लहानपणापासून ऐकत आलास. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ते नंदगड तर तुझ्याच तालुक्यात. आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला, ते १९४६ चं संमेलन बेळगावातच भरलं होतं. दोन्हीकडचं पाठ असलेला स्पर्धक समोर आला, तर प्रश्न काढणारी म्हणून मला जरा भीती वाटते.

चिकोडीहून एक वाचक : समजा, एक कोटी जिंकलो. हातात किती येतात?

अण्णा, अशा बक्षिसावर सरळ ३० टक्के कर. गुंतवणूक, विमा वगैरेंच्या वजावटी त्यातून मिळत नाहीत आणि करमुक्त मर्यादेचा आधारही नाही. त्यावर अधिभार आणि सेस धरले, तर जातात सुमारे ३४ लाख ३२ हजार. ३० टक्के आधीच कापून घेतात, उरलेला कर नंतर भरायचा असतो, तो विसरून सगळे खर्चून बसू नका. राहिले साधारण साडेपासष्ट लाख. वर्षाची तुमची दुसरी कमाई वेगळी, तिचा हिशेब तुमचे सीए करतील. प्लॉट कोटीच्या हिशेबानं बघून ठेवला असेल, तर मालकाला आजच फोन करा.